पहिली फोड

प्रताप नगरच्या वळणावर संत्र्यांचा ठेला लावणारा हा माणूस स्वतः संत्रं खात नाही. स्वादुपिंड सुजून निकामी झालं, तेव्हापासून त्याला शुगर आहे. नवी पेटी उघडली की पहिली फोड तो मला चाखायला देतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी "गोड" म्हटलं की स्वतःच खाल्ल्यासारखा हसतो. ते हसू मोडवत नाही, म्हणून मी नेहमी गोडच म्हणते.

परवा इन्सुलिन घेतल्यावर त्याचं जेवण राहून गेलं. शुगर एकदम उतरली; घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी नुकत्याच चाखलेल्या पेटीतलं संत्रं घाईने सोलून त्याला भरवलं. थोड्या वेळाने तरतरी आली.

"ताई, हे तं आंबट हाय," तो हळूच म्हणाला. "तुमच्या भरवशावर मी साऱ्याइले गोड सांगून राहिलो ना."