जाऊबाई फॉरमॅट मारत नाहीत

माझ्या थोरल्या जाऊबाईंशी माझं चौदा वर्षं पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं कौतुक कोणाला लाळघोटेपणा वाटायला नको. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खालच्या. एका मोठ्या कचेरीत कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की जिला फोन करायचा, त्या खुर्चीत त्यांनी बावीस वर्षं काढली. निवृत्त झाल्या, पण खोड काही गेली नाही. जिन्यालगतच्या खोलीत टेबल टाकलं, आणि आता अर्धी गल्ली बिघडलेले लॅपटॉप काखेत मारून तिथे येते. सगळे त्यांना ‘हेल्पडेस्क’ म्हणतात. माझे यजमान तर तोंडावर म्हणतात.

मला मात्र त्या डोक्यात जायच्या. दूध उतू गेलं तरी, "थांब, आधी सांग, तू नेमकं काय काय केलंस?" असं विचारणारी बाई घरात असली की काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

म्हणून नोकरीचं ठरलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं, माझं मी बघीन. अकरा वर्षांनी काम मिळत होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल घरी बसून टाइप करायचे. त्या कचेरीने मला एक क्लायंट सॉफ्टवेअर दिलं होतं. ते सुरू केलं की माझा लॅपटॉप घरबसल्या त्यांच्या नेटवर्कमध्ये शिरणार. गुरुवारी दुपारी चारला चाचणी. पाऊण तास कनेक्शन सलग टिकलं आणि टायपिंग जमलं तर सोमवारपासून कामावर, नाही तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. तसं पत्रातच लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी अकराला मी क्लायंट सुरू केलं. जोडलं गेलं, आणि दोन मिनिटांत तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. वायफायच्या रेघा आपल्या सगळ्या भरलेल्या, जसं काही झालंच नाही! आठव्यांदा तुटलं तेव्हा लॅपटॉप उचलला आणि नाक मुठीत धरून जिन्यालगतच्या खोलीत गेले.

"बस," जाऊबाई म्हणाल्या. लॅपटॉपला हातही लावला नाही. "नवीन काय घातलंस यात?"

"कचेरीचं हे एक. बाकी काहीच नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना, वहिनी!"

त्यांनी चष्मा लावला आणि वही उघडली. त्यांची एक पद्धत आहे, आणि ती बघताना माणसाचं रक्त आटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग लॅपटॉप बंद करून चालू करायचा. पाच मिनिटं बघायचं, काय झालं ते वहीत लिहायचं, मगच दुसरी गोष्ट. माझा लॅपटॉप नुसता सुरू व्हायलाच सात मिनिटं घेतो. लॅपटॉपसोबत आलेला वायफायचा जुना प्रोग्राम काढला. बंद, चालू, तुटलं. यजमानांच्या आधीच्या कंपनीचं क्लायंट सापडलं, ते काढलं. बंद, चालू, तुटलं. घरचं वायफाय सोडून मोबाइलचं नेट जोडून पाहिलं, तरी तेच. एक वाजून गेला.

"वहिनी, सरळ फॉरमॅट मारा ना! सगळं पुसायचं, नव्याने टाकायचं, विषय संपला. कोपऱ्यावरचा दुकानदार तासाभरात करून देतो."

"आणि कचेरीची परवानगी? ती या लॅपटॉपवर एकदाच मिळालीय. पुसली की नवीन मागायची, तीन दिवस लागतात. तुझी चाचणी आज आहे."

मी घड्याळाकडे बघितलं.

"आणि मी फॉरमॅट मारत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा मारलं होतं. इमारतींचे नकाशे काढणारा एक जण होता कचेरीत, त्याचं वर्षभराचं काम गेलं. मागाहून कळलं, एक सॉफ्टवेअर काढलं असतं तरी भागलं असतं. तो मला एक शब्द बोलला नाही गं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." आणि पुन्हा वहीत डोकं.

दोन वाजले. जेवायला उठल्या नाहीत, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. "तुझं क्लायंट एका वाटेने नेतंय, आणि मधेच कोणीतरी हात धरून दुसरीकडे ओढतंय. सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नाही, पण आहे. सापडेल. चारच्या आत सापडेल." त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तोही माझ्यापायी. खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, मंगळवारी मी दुकानदाराकडे गेले होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नेट हळू चालतंय म्हटलं, तर त्याने एक स्पीड वाढवणारं काहीतरी टाकून दिलं. तुमच्यापुढे यायचं नव्हतं, म्हणून गेले. आणि मघाशी कबूल करायची लाज वाटली."

"तीन तास! अगं, तीन तास घालवलेस!" एवढंच ओरडल्या. मग पेन पुन्हा उचललं. "नाव काय त्याचं? नीट आठव."

नाव सांगितल्यावर त्यांनी ते लपून बसलेलं बरोबर हुडकलं. तेही एक क्लायंटच निघालं. लॅपटॉपचं सगळं येणं-जाणं आपल्याच वाटेने फिरवणारं. एका घरात दोन कारभारी, आणि दोघंही म्हणणार, किल्ल्या माझ्याकडे. ते काढलं, तर होतं नव्हतं तेवढं नेटही बंद पडलं. मी हाय खाल्ली. जाऊबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या सॉफ्टवेअरने नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मागे ठेवलेली कलाकारी एकेक करून शोधली, एकेक करून पुसली, आणि दर वेळी बंद, चालू. आता मी घड्याळाकडे बघायचंच सोडलं. शेवटी क्लायंट जोडलं गेलं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, पंधरा झाली. तुटलं नाही. चाराला आठ मिनिटं कमी होती.

चाचणी चालली तेवढा वेळ त्या दारात स्टूल टाकून बसल्या. यजमान चहा घेऊन आले, त्यांनाही आल्या पावली परत पाठवलं. पावणेपाचला पडद्यावर उमटलं, सोमवारी रुजू व्हा. मी रडले. हो, रडले, त्यात काय! जाऊबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल, चपला घाल. दुकानात जायचंय."

दुकानदार तसा वाईट माणूस नव्हे. "मावशी, सगळ्यांना फुकट टाकून दिलं हो, तेवढंच पुण्य!" म्हणाला.

"किती जणांना?"

त्याने दुरुस्तीची वही काढून मोजलं. चार महिन्यांत अडतीस.

"त्यातले परत किती आले, नेट तुटतंय म्हणून?"

"नऊ."

"त्यांचं काय केलंस?"

"फॉरमॅट मारलं."

जाऊबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो काउंटरपासून दोन पावलं मागे सरकला. "कचेरीचं काम असो की व्हिडिओ कॉल, सलग चालणारं सगळं हे मधेच तोडतं. उरलेल्या एकोणतीस जणांना फोन लावायचे. आत्ता. निम्मे तू, निम्मे आम्ही."

अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे मला नकोच वाटतं. पण वही माझ्यापुढे सरकली होती. पहिला नंबर लावला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. मी सांगितलं, तुमच्या लॅपटॉपमध्ये दुकानातून टाकलेल्या एका सॉफ्टवेअरमुळे कनेक्शन तुटतं, उद्या घेऊन या, आम्ही काढून देऊ.

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"म्हणजे, व्हिडिओवर बोलता बोलता बंद पडतं, ते यामुळे?"

"हो, यामुळेच."

"दर वेळी?"

"दर वेळी, काका."

"मुलगी लांब असते माझी," ते म्हणाले. "आमचं जरा वाजलं होतं. मी समजूत घालायला लागलो, की दोन मिनिटांत बंद. तीनदा झालं तसं. मला वाटलं, ती तोडतेय. मग मीही लावायचं सोडलं. दोन महिने झाले." मग एकदम विचारलं, "तिलाही वाटलं असेल का हो, की मीच तोडत होतो?"

जाऊबाईंना फोनमधलं सगळं ऐकू गेलं होतं. त्या पिशवी खांद्याला लावून उभ्याही राहिल्या होत्या.

"काका," मी म्हणाले, "उद्या नको. पत्ता सांगा, आम्ही आत्ताच येतोय."