पिलांना थंडी वाजतच नव्हती

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहिते.

आमच्या मोहोळच्या घरी परवा मुंगसानं कोंबडी नेली. मागं चार दिवसांची आठ पिलं राहिली. मी व्हिडिओ बघून टीव्हीच्या खोक्याची पेटी केली, खाली लाकडाचा भुसा पसरला आणि वरून बल्ब सोडला.

आज दुपारी पिलं एकसारखी ओरडायला लागली. मला वाटलं, ऊब कमी पडतेय. म्हणून बल्ब आणखी खाली घेतला आणि पेटीवर चादर टाकली. थोड्या वेळानं ओरडणं थांबलं, तेव्हा मला बरं वाटलं.

सासूबाई शेतातून आल्या आणि त्यांनी चादर उचलली. पिलं कडेला चिकटून, चोची उघडून धापा टाकत होती. दोन तर आडवी पडली होती.

"आगं, थंडी न्हाय, उकडतंय त्यास्नी. आदी बल्ब काढ."

मी बल्ब काढला आणि पेटी माठाजवळ सावलीत नेली. सासूबाई ओल्या बोटानं एकेकाच्या चोचीला पाणी लावत होत्या. आडव्या पडलेल्यातलं एक उठलं. दुसरं माझ्या तळहातावरच गेलं.

मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "मुद्दाम केलंस व्हय? आता ह्या सातांकडं बघ."

पेटीला भोकं पाडलीत. पण पहाटे इथं गार होतं, आणि बल्ब लावायला माझा हात धजत नाहीये. पिलांचं ओरडणं थंडीचं की उकाड्याचं, हे तुम्ही कसं ओळखता?