रिकाम्या चिखलातले सोमवार

गावात त्याला सगळे बुडबुड्या म्हणत. भांडण असलं की बायकोसुद्धा. बावीस वर्षं तो बंदरात पाणबुड्याचं काम करत होता. बोटींची बुडं खरवडायची, अडकलेले नांगर सोडवायचे, दोनदा तर माणसंही वर काढायची वेळ आली होती. पण हे नाव त्याला मिळालं ते शेवटच्या कामामुळे.

खाडीच्या तळाशी हवा उरली नव्हती. नदी वरच्या शेतांचं खत आणि शहराची घाण घेऊन येई, त्यावर शेवाळ माजे, मग ते कुजे आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकी. पालिकेनं धक्क्यावर पत्र्याची शेड बांधून तिच्यात कॉम्प्रेसर बसवला आणि तळावर बारीक छिद्रांच्या रबरी नळ्या अंथरल्या. त्यांचे बुडबुडे इतके बारीक की वर पोचायच्या आत पाण्यात जिरून जात. त्यामुळे नळ्या कुठं आहेत हे वरून कळत नसे, आणि मुद्दामच कुणाला सांगितलं नव्हतं. दर सोमवारी खाली जाऊन त्यांच्यावरचा चिखल ब्रशनं घासून काढायचं काम याचं.

"काय रे, समुद्राचं पंक्चर निघालं का?" चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारीच.

"निघालं. पण मागच्या चाकात अजून हवा कमी आहे," तो म्हणे.

जाळी विणणारा म्हातारा मात्र हसत नसे. "माणसानं हात लावला म्हणूनच हे झालं. आता पुन्हा हात लावून काय दुरुस्त होणार? मरायचं ते मरू द्या, जगायचं ते जगेल."

बुडबुड्यानं हे पालिकेच्या मॅडमना सांगितलं. मॅडम दर बुधवारी पाण्यात मीटर सोडून हवा मोजायला येत. मीटरची वायर फडक्यानं पुसत त्या म्हणाल्या, "म्हातारा चुकीचं बोलत नाही. नदी सुधारत नाही तोवर ही नुसती मलमपट्टी. पण नदीला वीस वर्षं लागतील. तोवर काठावर बसून बघायचं का?"

 त्यानं तो तळ पाहिला होता. चहूकडे काळा, गुळगुळीत चिखल, त्यावर पाय आखडून मेलेले खेकडे. आणि मध्येच नळ्यांच्या कडेनं माशांची दाटी. बसच्या थांब्यावर पावसात माणसं उभी असावीत तसे अंगाला अंग लावून, नुसतं तोंड उघडत-मिटत. ब्रश लागला तरी हलत नसत. जाणार कुठं? चार हात पलीकडे श्वास नव्हता.

तो खाली असताना वर बोटीत त्याचा मोठा भाऊ बसे. पाणबुड्या एकटा उतरू नये असा नियम आहे, पण वरच्या माणसाचा पगार पालिकेनं कधी मंजूर केला नाही. दादा फुकट बसे. वडील गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं, पाण्यात पितळी चमचा टाकून बुडी मारायला शिकवलं. दोन वर्षं दादाची जाळी रिकामी येत होती. हा हंगाम असाच गेला तर बोट विकायची, हे वहिनीनं घरात जाहीर करून टाकलं होतं.

एका मंगळवारी वहिनी घमेलंभर मासे घेऊन दारात उभी राहिली. बऱ्याच महिन्यांनी ती हसत होती. तिच्यामागे दादा उभा होता.

"कुठं मिळाले, दादा?"

"तुझ्या श्वासाचे बुडबुडे निघतात तिथं." दादानं काही लपवलं नाही. "पाण्याची टाकी आणि कारखान्याचं धुराडं एका रेषेत धरलं की झालं. तू पाळतोस, मी पकडतो. घरातलं घरातच."

"तिथं जाळं टाकायला बंदी आहे."

"मग सांग तुझ्या मॅडमला."

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात बोट जप्त झाली असती. सोमवारी तो उतरला तेव्हा नळ्या श्वास सोडत होत्या आणि घेणारं कुणी नव्हतं. तीन आठवड्यांनी चुकलेमाकलेले मासे पुन्हा जमू लागले, काही पोटात अंडी असलेले. मधल्या काळात दादानं दोनदा जाळं टाकून पाहिलं होतं, रिकामंच आलं होतं.

"नळ्या हलवल्यात," यानं सांगितलं. "आता तिकडे, दगडी बांधाच्या बाजूला. मॅडमचा हुकूम."

दादानं बोट बांधाकडे घेतली.

खाली रिकामा चिखल होता. तो गुडघ्यांवर बसला आणि पाठीवरच्या टाकीतली हवा संपेपर्यंत श्वास घेत राहिला, सोडत राहिला. मोठे बुडबुडे, वरून नीट दिसतील असे. पन्नास मिनिटं. वर आल्यावर दादानं नेहमीसारखा हात दिला. त्या संध्याकाळी दादानं बांधाजवळ जाळं टाकलं. चिखल आला.

"अजून जमले नसतील," दादा म्हणाला. "पुढच्या सोमवारी बघू."

दोन-तीन आठवडे नळ्या घासल्या नाहीत तर काही बिघडत नाही, असा याचा हिशेब होता. तेवढ्यात दादा कंटाळेल. पण दादा कंटाळला नाही. त्याच्याकडे दुसरी जागाच नव्हती आणि भावाच्या श्वासावर त्याचा विश्वास होता. चार सोमवार गेले.

"आकडे उतरतायत," मॅडम म्हणाल्या. "नळ्या साफ करतोयस ना?"

"करतोय की."

पाचव्या सोमवारी सकाळी गाव वासानंच जागं झालं. मासे पाण्यावर पांढरे पसरले होते. बांधाकडे एकही नाही. सगळे पाण्याची टाकी आणि धुराड्याच्या रेषेत.

दादा धक्क्यावर उभा राहून बघत होता. बोटीचा सौदा आदल्या दिवशीच झाला होता, उद्या ताबा द्यायचा होता.

"नळ्या हलवल्याच नव्हत्या," तो म्हणाला.

यानं हातातला ब्रश खाली ठेवला.

"मी वर बसून तुझे श्वास मोजायचो. थोडी जरी गॅप पडली तरी खाली सोडलेली दोरी हातात घ्यायचो. आणि तू खाली बसून मला बनवत होतास. माशांसाठी."

"दादा, ते गाभोळीचे होते, अंडी होती पोटात. राहिले असते तर—"

"राहिले का?"

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. नळ्या आजच्या आज साफ करा. दादानं बोट सोडली, शेवटच्यांदा.

खाली नळ्यांवर वीतभर चिखल साचला होता. त्यानं खांदे भरून येईतो घासलं. छिद्रं एकेक करून उघडली आणि हवेची बारीक धार चिखलातून वर आली, मेलेल्या माशांच्या अंगावरून. एकाचा कल्ला हलला. त्यानं हात पुढे केला. धारेनंच हलला होता.

टाकी संपत आली तेव्हा तो वर आला. दादा पाण्याकडे पाठ करून बसला होता. दोरी खाली सोडलेली नव्हती.

"दादा, हात दे."

"पोहत ये." दादा वळला नाही. "चार सोमवार फुकट घालवण्याइतका श्वास होता ना तुझ्याकडे?"

इंजिन सुरू झालं. लाटेचं पाणी त्याच्या तोंडात गेलं, कुजकं. पाठीवर रिकामी टाकी घेऊन तो मेलेल्या माशांमधून वाट काढत काठाकडे निघाला. शेडमधला कॉम्प्रेसर मात्र एका लयीत धडधडत होता आणि खाली, स्वच्छ झालेल्या नळ्यांमधून, हवा जात होती.