हात गेला, पण गाठ गेली

सोलापूरचा उन्हाळा माणसाच्या अंगावर कापड ठेवू देत नाही. बाळीवेशीत संध्याकाळी दारोदार खाटा पडत आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे बाप्ये उघडेबंब बसून वाऱ्याची वाट बघत. त्यात एकच माणूस बंडीची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेला असे. तो म्हणजे बैलांचे दलाल धोंडप्पा यांचा थोरला मुलगा चन्नवीर. बाविशीचा तरणाबांड गडी, पण बसणं मात्र पाहुण्यासारखं, अंग चोरून.

बैलांच्या साजाचं त्याचं छोटं दुकान होतं. गोंडे, घुंगरमाळा, कासरे. मांडीवर घेऊन करायचं काम त्याला जमे. डावा हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे वरच्या खुंटीवरची, दोन्ही हातांनी उतरवायची जड माळ गिऱ्हाईकालाच काढून घ्यावी लागे. मग गिऱ्हाईक हमखास विचारी, हाताला काय झालं? धोंडप्पा जवळपास असले की उत्तर तेच देत.

"हात गेला, पण गाठ गेली."

थोडी खोट खाऊन का होईना, सौदा पदरात पडल्यासारखं ते म्हणत. चन्नवीर गोंडा वळत राही.

ही गाठ उठली सन एकोणीसशे वीसच्या पावसाळ्यात. चन्नवीर तेव्हा चौदाचा होता आणि रोज पहाटे तालमीत जात होता. त्याला एकच ध्यास होता, सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचा. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून, दोन्ही हातांनी तोल सांभाळत चालायचं म्हणजे पोरखेळ नव्हे. धोंडप्पांनी तरुणपणी ती पेलली होती, त्यांच्या वडिलांनीही. येत्या संक्रांतीला पोराला थोडं अंतर काठी द्यायची असं वस्तादांनी कबूल केलं होतं. त्या दिवशी पार्वतम्मानं, म्हणजे त्याच्या आईनं, घरात गव्हाची गोड हुग्गी केली होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या छातीला दोन्ही बाजूंनी सूज आली. बोंडाखाली चिंचोक्याएवढी कडक गाठ, हात लागला की ठणका. महिन्याभरात छाती अशी दिसू लागली की तालमीतल्या एकानं त्याला बाईचं नाव देऊन 'चन्नव्वा' म्हटलं. बाकीच्यांना तेवढं पुरे होतं. पोरांच्या जिभेला हाड नसतं आणि तालमीत तर लंगोटाखेरीज लपायला जागाच नसते. चन्नवीर तालमीला जाईना. गेला तर सदरा काढीना. वस्ताद म्हणाले, अंग मोकळं केल्याशिवाय माती नाही आणि मातीशिवाय काठी नाही.

धोंडप्पांनी पोराला सोप्यात बसवलं. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, चारचौघांत तोंडानं बोलत नाहीत. तसंच त्यांनी पोराच्या छातीवर उपरणं टाकलं आणि त्याखाली हात घालून गाठ चाचपली. पोराची अब्रू झाकायची त्यांना तेवढीच रीत ठाऊक होती. माया होती माणसाची, नव्हती असं नाही.

मग ते त्याला लष्कर भागातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि हसून सांगितलं की या वयात पुष्कळ मुलांना असं होतं. वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. दाबू नका, बांधू नका, काही लावू नका. बाटली नाही, पुडी नाही. धोंडप्पांना वाटलं आपल्याला वाटेला लावलं. औषध न देणारा डॉक्टर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि दोन वर्षं थांबायला संक्रांत काही दोन वर्षांनी येणार नव्हती.

त्यांचा विश्वास वळसंगच्या मल्लप्पावर होता. बैलाच्या खांद्याला सूज आली, गाठ धरली, की मल्लप्पा लोखंडाची सळई तापवून डाग देई. असे डागलेले किती बैल धोंडप्पांनी पुढं चांगल्या भावानं विकले होते! गाठ ती गाठ. बैलाची काय आणि पोराची काय, आत साठलेलं वाईट रक्त डागानं जळतं, असा त्यांचा हिशेब.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धोंडप्पांनी पोराला विचारलं होतं. आणि चन्नवीर 'द्या' म्हणाला होता. डॉक्टरांचं बोलणं त्यानं कानांनी ऐकलं होतं, तरी 'द्या' म्हणाला. चौदाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे जन्म वाटतो. सगळं खापर बापावर फोडता आलं असतं तर पुढचं आयुष्य त्याला जरा हलकं गेलं असतं.

गळ्यातलं इष्टलिंग सोडून उजव्या दंडाला बांधलं. दोघांनी खांदे धरले. पार्वतम्मा परसात जाऊन उभी राहिली. मल्लप्पानं आधी डावी बाजू डागली. उजवी पुढच्या सोमवारी करू म्हणाला, एकदम दोन्ही सोसायचं नाही.

तो सोमवार आला नाही. डाग चिघळला. काखेपर्यंत पू झाला, ताप उतरेना, आणि धाकटा सिद्धाराम, सहा वर्षांचा, वासामुळं भावाच्या खोलीत जायला रडू लागला. दुखतं म्हणून चन्नवीरनं हात अंगाशी धरून ठेवला तो महिनोन्‌महिने. संक्रांत आली, गेली. बाहेर हलगी वाजत होती आणि हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जखम भरली तेव्हा कातडी आखडून हात छातीला बांधल्यासारखा झाला होता. काठी पेलायचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही.

डाव्या बाजूला गाठ उरली नव्हती, नुसता वण होता. त्यावरून धोंडप्पांनी आपल्या समाधानाचं ते वाक्य बनवलं.

उजव्या बाजूचं मात्र कुणी विचारलं नाही. ती सूज पुढच्या वर्षी हळूहळू उतरली आणि एक दिवस न्हाताना चन्नवीरच्या ध्यानात आलं की बोटांना काही लागत नाही. काही लावलं नव्हतं, काही बांधलं नव्हतं. तो गडवा हातात धरून तसाच बसून राहिला. पाणी गार झालं तेव्हा आईनं हाक मारली.

त्या दिवसापासून बंडीची बटणं लागली ती लागली. लोकांना वाटे, वणाची लाज. लाज वणाची नव्हतीच. त्याची उजवी छाती बापानं पाहिली असती तर बापाचं ते वाक्य जागच्या जागी मेलं असतं. कधीकधी रागाच्या भरात वाटे, दाखवावी. मग बाजारातून थकून आलेले धोंडप्पा दिसत आणि तो मूग गिळून बसे. लग्नाची दोन स्थळं आली, त्यांनाही तो नाही म्हणाला. बायकोपासून अंग कसं लपवायचं?

अशी आठ वर्षं गेली. अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात सिद्धाराम, आता चौदाचा, संध्याकाळी सदरा घालून खाटेवर बसू लागला. चन्नवीरनं एक दिवस ते पाहिलं आणि काय ते ओळखलं. तो भावाला विचारणार तोच घरात बोलणं सुरू झालं. धोंडप्पांना कळलं होतं. पार्वतम्मा नको नको म्हणत होती, पण धोंडप्पा शांत होते. मागच्या वेळी डाग खोल गेला होता, या वेळी मल्लप्पाला वरच्यावर द्यायला सांगू, असं ते समजावत होते. मल्लप्पाला निरोपही गेला होता.

ठरल्या सकाळी मल्लप्पा आला. परसात शेणी पेटल्या. सिद्धाराम सोप्यात खांबाला टेकून उभा होता, अगदी पांढराफटक. धोंडप्पांनी त्याच्या छातीवर उपरणं टाकलं.

चन्नवीर दुकानातून उठून आला आणि मधे उभा राहिला.

"अप्पा, ह्याला डाग द्यायचा न्हाय."

"तुला त्रास झाला म्हनून म्हंतोस. व्हय, हात गेला तुजा. पण गाठ गेली की."

चन्नवीरनं उजव्या हातानं बटणं काढली. आठ वर्षांत पहिल्यांदा, भर उजेडात, बापासमोर त्यानं बंडी उतरवली. डावीकडे चामड्यासारखा आवळलेला वण. उजवीकडे साधी, सपाट, धडधाकट छाती, कुणाही पुरुषाची असते तशी.

"ह्या बाजूला डाग कुटं हाय, अप्पा?"

धोंडप्पा बघत राहिले. मग पुढं झाले आणि सवयीनं बोटं टेकवून चाचपू लागले, एकदा, पुन्हा एकदा.

"ह्याला काय लावलंतास?"

"काय न्हाय. डॉक्टर म्हनला हुता तसं. आपुआप बसलं."

धोंडप्पा खाली बसले. मल्लप्पा परसातून सळई घेऊन दारापर्यंत आला होता, तो आतलं सगळं बघून मुकाट्यानं मागं गेला. मग पार्वतम्मानं सिद्धारामच्या अंगावरचं उपरणं उचललं आणि घडी करून ठेवलं.

सिद्धारामची सूज पुढच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत उतरली. मधल्या काळात चन्नवीर रोज त्याच्यासोबत तालमीत जाऊन कडेला बसे, स्वतःची बंडी काढून. त्याचा वण बघितल्यावर पोरांची थट्टा करायची हिंमत झाली नाही. तीस सालच्या संक्रांतीला सिद्धारामनं काठी पेलली. पांढऱ्या बाराबंदीचे बंद चन्नवीरनं बांधले, वरचे पार्वतम्मानं.

धोंडप्पा मिरवणुकीला आले नाहीत. जनावरांच्या बाजारात काम आहे म्हणाले. चन्नवीर त्यांना भाकरी घेऊन तिकडे गेला तेव्हा ते एका खिलारी जोडीजवळ उभे होते आणि अक्कलकोटकडचं एक जुनं गिऱ्हाईक त्यांना विचारत होतं, थोरल्याचा हात अजून तसाच का?

चन्नवीर बैलाआड थांबला. आता ते वाक्य येणार, असं सवयीनं त्याला वाटलं.

"त्याचा हात मी घालवला," धोंडप्पा म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

एवढीच गोष्ट बापाच्या तोंडून ऐकायला चन्नवीर इतकी वर्षं तळमळला होता. ती ऐकली आणि त्याला भडभडून आलं. बापानं ते जुनं वाक्य एकदा, अजून एकदाच म्हणावं, आणि आपण नेहमीसारखं गप्प बसावं, असं त्याला फार वाटलं. पण ते वाक्य धोंडप्पांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.