पुस्तक मिटून सांगा

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडे अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला आणि नेमके तेव्हा मला पुण्याहून तिथल्या शाळेवर धाडले. सारे गाव कापसामागे धावत असताना मला पोरांना वाचनाची गोडी लावायची होती. सरकारचे माझ्याविषयी काय मत होते, ते यावरून कळावे.

पोरे मात्र हुशार. उद्योगाचा धडा घडाघडा म्हणत. 'उद्योग हा मनुष्याचा खरा सखा होय' म्हणजे काय, असे विचारले की तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणत. मग मी नवे खूळ काढले. धडा वाचायचा, महत्त्वाचे चार शब्द पाटीवर टिपायचे, पुस्तक मिटायचे आणि आपल्या बोलीत सांगायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी अख्खा धडाच मुंगीएवढ्या अक्षरांत उतरवला. त्यांचे म्हणणे, सगळेच महत्त्वाचे. नाहीतर सरकारने छापले कशाला असते?

एका मुसलमान अडत्याचा मुलगा आधी सुधारला. बाजारातली बडबड ऐकून कामाचे तेवढे उचलायची त्याला सवयच होती. त्याचे पाहून बाकीचेही शिकले.

तेवढ्यात शाळा तपासायला साहेब आले. आमच्याच पुण्याकडचे, म्हणजे अर्थातच शुद्ध बोलणारे. व्यापाऱ्यांना बोलावून त्यांनी विद्येच्या महतीवर इतके लांबलचक भाषण केले, की पुढे बसलेले शेटजी निवांत घोरू लागले. शेवटी त्यांनी मुलांना विचारले, काय समजले? अडत्याचा मुलगा पाटी घेऊन उठला.

"सायेब म्हणून राह्यले का, कापसाचा भाव आज हाये, उद्या उतरन. शिकलेलं उतरत नाई. म्हणून पोरायले शाळेतून काढू नोका."

माझी छाती फुगली. साहेबांचे तोंड उतरले.

"माझ्या भाषणात असे एकही वाक्य नव्हते," ते म्हणाले.

ते मात्र खरे होते. त्यांनी शेरा मारला: मुलांचे पाठांतर कच्चे, भाषा गावंढळ, दोष शिक्षकाचा. माझी अकोल्याला बदली ठरली.

हुकूम हाती पडण्याआधी एका सकाळी तो अडत्या स्वतःच शाळेत आला. साहेबांच्या भाषणाला तोही हजर होता, पण ते त्याला पोराच्या तोंडूनच कळले होते. बाजारात सरकारी जाहीरनामे वाचले जात, तेव्हाही तो काही न कळता नुसती मान हलवत असे.

"मास्तर, हे मले बी शिकवा," तो म्हणाला.

मी त्याला त्याच्या पोराशेजारी बसवले. निघेपर्यंत तो रोज आला. एवढा मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला पुण्यातही मिळाला नव्हता.

अकोल्याच्या हेडमास्तरांनी माझ्यावरचा शेरा बारकाईने वाचला आणि मला अक्षर गिरवण्याचा वर्ग दिला. तिथे कुणाला काही समजण्याची भीती नव्हती.