दारातली सही

गवंडीकाका नगरसेवक झाले तेव्हा बायकोने बजावलं होतं, "अहो, तिथं तोंड उघडू नका, आपलं शिक्षण कळेल सगळ्यांना." अकरा वर्षं काका मिठाची गुळणी धरून बसले. पक्षालाही असेच नंदीबैल हवे होते.

सभांची रीत मोठी सोयीची. इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप व्हायचं: कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, टाळ्यासुद्धा. सह्या दारातच घ्यायच्या. बावीस शहाणी माणसं न झालेल्या सभेवर सही करून मगच सभेला बसत, आणि वर त्याला लोकशाही म्हणत.

त्या दिवशी विषय होता पाण्याच्या नव्या टाकीचा. नगराध्यक्ष साहेबांच्या जावयाने बांधलेली, शाळेला अगदी खेटून. काम उत्तम झाल्याचा दाखला तेवढा द्यायचा होता. काकांनी सकाळी जाता जाता तिचा खांब किल्लीने खरवडला, तर मूठभर वाळूच हातात आली. त्याच टाकीच्या सावलीत शाळेतली पोरं डबा खायला बसतात.

"ठराव एकमताने मंजूर," कारकुनाने वाचलं.

काका उठले. "माझा विरोध आहे. खांब कच्चे आहेत."

साहेब हसले. "काका, तुम्ही तर सही केलीय."

केली होती. सवयीने, दारातच. काकांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मग खोडतो."

"खोडलीत की तुम्ही गैरहजर. गैरहजर माणसाचा कसला विरोध?"

बाकीचे खो खो हसले. त्यांतल्या दोघांची नातवंडं त्याच शाळेत जात होती, पण लाज कोळून प्यायलेल्यांना त्याचं काय!

काकांनी कारकुनाच्या हातातलं पेन ओढलं आणि सहीखाली वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'हजर होतो. विरोध केला. टाकी कच्ची आहे.'

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी सावकाश मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काम जावईबापूंना द्यावं, याला अनुमोदन कोणाचं? उद्या टाकी कोसळली तर लोक कोणाला धरतील?"

काकांनी वाकून पाहिलं. नाव त्यांचंच, खाली सहीही त्यांचीच. पक्षातून तर आता हाकलणारच होते, वर गावात तोंड दाखवायलाही जागा उरणार नव्हती.

"माझंच," काका म्हणाले. "न वाचता दिलं. शाळेत जाऊन आत्ता हेच सांगतो, आधी पोरं तिथून हलवायला हवीत."