कंपनी म्हणजे कोण कोण?

किस्से काही कोणी मुद्दाम जमवायला जात नाही. पॅकिंगच्या टेबलाखाली सुटे स्क्रू साचतात ना, तसे ते साचत राहतात. एखाद्या दिवशी झाडू मारायला घेतला की कळतं, अरे बापरे, एवढे झाले! वसई पूर्वेला एका गाळ्यात आमची छोटीशी कंपनी आहे. विजेची बटणं आणि सॉकेट बनवतो आम्ही. मी पॅकिंग बघते. राहते विरारला, फुलपाड्यात. आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाही, असं घरचे म्हणतात. म्हणू देत!

परवा माझी मुलगी म्हणाली, "आई, दिवसातून किती वेळा 'कंपनी' म्हणतेस गं तू?" म्हटलं, आता ते मोजत बसू की कामाला जाऊ? पण खरंच, हा शब्द तोंडात इतका बसलाय की तो इंग्रजी आहे हेसुद्धा आठवत नाही. तर हे सगळे त्या एका शब्दाचे किस्से.

*

सुरुवात परेरा सरांनी केली. सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. परदेशातल्या गिऱ्हाइकांना आमच्या शेठच्या वतीने इंग्रजीतून मेल लिहायला ते अर्धा दिवस येतात आणि जेवून जातात. आमचं जेवण म्हणजे टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांचे डबे मध्ये उघडे ठेवायचे, ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं.

एकदा सरांनी डब्याबरोबर पाव आणले होते. लादी तोडता तोडता विचारतात, "कंपनी या शब्दाचा मूळ अर्थ सांगा पाहू."

डिस्पॅचला असलेला मंगेश लगेच म्हणाला, "जिथे गेल्यागेल्या मोबाइल काढून घेतात ती!"

शेठ मागेच उभे होते. असो.

सर म्हणाले, "जुन्या लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे बरोबर आणि 'पानिस' म्हणजे पाव. बरोबर बसून एक पाव मोडून खाणारी माणसं, ती कंपनी! पुढे त्याच शब्दात सैनिक आले, मग नाटकवाले आले, मग व्यापारी. आणि आपला हा पाव आला पोर्तुगीजांकडून, पण शब्द त्याच पानिसचा. म्हणजे पाव आणि कंपनी नात्यातले आहेत."

आम्ही सगळे हातातल्या पावाकडे नव्याने बघायला लागलो. तेवढ्यात मोल्डिंग मशीनवरचे सावंत काका बोलले. काका मूळचे मालवणकडचे, आता विरारच्या मनवेलपाड्यात राहतात, आमच्यात सगळ्यांत जुने. अगदी गंभीरपणे म्हणाले, "सर, मी भात खातो. मग मी कंपनीत आहे की नाही?"

सर हसून हसून लाल झाले. पण रेजिनाला वेगळाच प्रश्न पडला. रेजिना आमची असेंब्लीवाली, वसईजवळच्या होळी गावची. घरची भाजीची वाडी, आणि जीभ म्हणाल तर मिरचीच्या रोपावर वाढलेली. तिने विचारलं, "मंग सर, ती ईस्ट इंडिया कंपनी पन बरोबर बसून जेवायची?"

"जेवायची की!" सर म्हणाले. "फक्त ताट आपलं होतं."

*

सर नाटकवाल्यांचं बोलले तेव्हा मी म्हटलं, हा अर्थ तर आमच्या घरी रोज चालतो. माझं डोकं दुखतंय असं मी म्हटलं रे म्हटलं, की सासूबाई आतल्या खोलीतून ओरडतात, "आली नाटक कंपनी!"

सरांना काय आनंद झाला! "बघा, शब्दाचा मधला अर्थ तुमच्या सासूबाईंनी जपून ठेवलाय!"

म्हटलं, "सर, त्या सगळंच जपून ठेवतात. लग्नात माझी आई काय बोलली होती, तेसुद्धा."

*

मंगेशचं लग्न जमत नव्हतं. त्याच्या घरचे सांगायचे, "मुलगा कंपनीत आहे." समोरचे विचारायचे, "कुठल्या?" नाव सांगितलं की फोनवर सामसूम. आमचं नाव कोण ओळखणार? शेवटी संगमनेरकडचे एक गृहस्थ, मुलीचे वडील, म्हणाले, "मी स्वतः येऊन कंपनी बघतो."

त्यांच्या डोळ्यांपुढे गेट, वॉचमन, बाग असं काहीतरी असणार. जिना चढून वर आले, तर एक गाळा आणि त्यात आम्ही जेवायला बसलेलो! मंगेशचा चेहरा तर असा पडला की बघवेना. रेजिनाने स्टूल ओढलं, "बसा पावने," आणि विचारायच्या आत त्यांच्यापुढे ताटली ठेवली.

आता पाहुणे आलेत म्हटल्यावर जरा नीट वागावं की नाही? पण आमची सवय! मी रेजिनाला म्हटलं, "भेंडी चिकट झालीय आज." ती म्हणते, "तुझी चपाती दाराला लाव, वाऱ्यानं आपटनार नाय." काकांनी मंगेशच्या वरणात डाळ शोधायला चमचा फिरवला. सरांच्या ऑम्लेटला तर सगळ्यांनी मिळून नावं ठेवली. आणि नावं ठेवत ठेवत सगळं संपवलं.

गृहस्थ बघतच राहिले. हात धुतल्यावर विचारतात, "रोज असंच भांडण असतं?"

सर म्हणाले, "रविवारी सुट्टी."

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. आम्ही कान टवकारून उभे. म्हणाले, "होय म्हणून टाक. कंपनी लई बारकी आहे. पण इथं पोटात एक आणि ओठांत एक असं कुणाचं दिसत नाही!"

*

रेजिनाच्या भाच्याचं लग्न होतं, तिच्या होळी गावात. आम्ही सगळे गेलो. आता तिकडच्या मांडवात ग्लास येणारच. सावंत काकांनी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. रेजिनाचा भाऊ हात जोडून म्हणाला, "घेऊ नका काका, पन कंपनी तरी द्या!"

झालं. काका कोकम सरबताचा ग्लास घेऊन बसले. कंपनी देता देता एवढे रंगात आले की बँडवाल्यांच्या पुढे जाऊन नाचले, आणि पिणाऱ्यांपेक्षा मोठ्याने गायले! आम्ही त्यांना रिक्षात घालून मनवेलपाड्याला घरी सोडलं. काकूंनी दार उघडलं. काकांच्या गळ्यात फुलांची माळ, टोपी तिरकी, तोंडात गाणं. काकूंनी आधी तोंडाचा वास घेतला. आंबट कोकमाचा वास!

म्हणाल्या, "नुसत्या सरबताने एवढं चढतं, तर उद्यापासून सोलकढी बंद!"

बंद कसली करतायत. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर बाटली भरून सोलकढी आली, आमच्या सगळ्यांसाठी. कुळथाची पिठी तर त्यांच्यासारखी मी कुठे खाल्लीच नाही. काकूंना मी भेटले असेन चार-पाच वेळा, पण त्यांच्या हातचं इतकं खाल्लंय की त्या मला रोजच्याच वाटायच्या.

*

माझ्या मुलीची कंपनी फारच मोठी. इतकी मोठी की तिला ऑफिसच नाही, घरूनच काम. एकदा तिच्या साहेबांनी ठरवलं की सगळ्यांनी आपापल्या घरी बसून कॅमेऱ्यासमोर एकत्र जेवायचं. त्या दिवशी मी सुट्टीवर होते, म्हणून माझ्या डोळ्यांनी बघितलं. स्क्रीनवर चौकोनी चौकोनी माणसं, प्रत्येकजण आपल्या बशीत बघून चावतोय, आणि आवाज सगळ्यांनी बंद केलेला!

हे मी टेबलावर सांगितलं, तर रेजिनाने घासच खाली ठेवला. "अगं बाय, एवढं गप तर परीक्षेला पन कोन बसत नाय! आनि कोनाच्या डब्यात काय हाय ते कसं कळतं?"

"नाही कळत," मी म्हटलं.

"मंग कसली कंपनी!"

*

गेल्या दिवाळीनंतर काकू आजारी पडल्या आणि बघता बघता गेल्या. मूलबाळ नाही. सगळं उरकून काका पुन्हा मशीनवर आले. जेवणाची सुट्टी झाली, आम्ही कागद पसरला, त्यांची जागा ठेवली. काका मशीन बंद करून तिथेच बसून राहिले, आमच्याकडे पाठ करून. चहात बिस्किटं बुडवून खाल्ली. आम्हाला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत.

पण ते रोजचंच झालं. मंगेश ताटली भरून न्यायचा. "भूक नाही रे," म्हणून परत पाठवायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागला. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, संध्याकाळी सगळ्यांच्या मागून निघायचे, कंपनी एक दिवस चुकवली नाही. पण कंपनीत ते नव्हते. याचं मला इतकं वाईट वाटायचं की घास उतरायचा नाही. आणि माझा घास सहसा अडत नाही!

आमचं टेबलही बिघडलं. कोणी कोणाला नावं ठेवेना. "भाजी छान झालीय हं," "चपाती मऊ आहे," असं सगळे बोलायला लागले. ऐकवत नव्हतं. सर तर कुजबुजल्यासारखे बोलायचे. रेजिनासुद्धा गप.

मग एक दिवस शेठनी सांगितलं की सावंत महिनाअखेर काम सोडतायत, कायमचे गावी चालले. मी तशीच मशीनजवळ गेले. मला राग आवरत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

"गावी कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही गो," काका म्हणाले. "तिथे कोणी नसलं तरी चालतं."

"आणि इथे आम्ही आहोत ते? एक घास आमच्यात बसून खाल्लात तर काय बिघडेल?"

काका मशीन पुसायला लागले. मग म्हणाले, "शुभांगी, मध्ये ठेवायला माझ्याकडे काय आहे? इतकी वर्षं ती ठेवायची. मी नुसता डबा आणायचो."

"तुम्ही नुसतेच या हो" असं म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्याने चार माणसांना पुरेल एवढा डबा आणला, त्याला हे कसं म्हणायचं? मी जागेवर येऊन खोक्यांना पट्ट्या मारल्या. सगळ्या वाकड्या बसल्या.

*

हा शेवटचा.

एका पहाटे फोन वाजला. सावंत काका! इतक्या लवकर कोण फोन करतं?

"शुभांगी," हळूच म्हणाले, "आधी मोहरी की आधी लसूण गो?"

मी पलंगावर उठून बसले. "मोहरी, काका. ती तडतडली की लसूण."

"आणि पीठ पाण्यात कालवून घ्यायचं?"

"हो, गार पाण्यात. नाहीतर गुठळ्या होतात."

"बरं," म्हणाले, आणि ठेवला. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

दुपारी आम्ही कागद पसरला. काका आले. कोणाकडे न बघता जुन्या जागेवर बसले, डबा मध्ये ठेवला आणि झाकण काढलं. कुळथाची पिठी. रंगावरूनच कळत होतं की कढईला लागली होती.

सगळ्यांनी घेतली. पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अर्धं काकूंच्या आठवणीने, अर्धं त्या पिठीने!

"एक नंबर, काका!" मंगेश म्हणाला. सरांनी पुन्हा वाढून घेतली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी म्हटलं, "छान झालीय हो."

काकांनी मान वर केली नाही. आमचं एकेक ऐकत होते आणि चेहरा आणखीनच उतरत होता. हात झाकणाकडे गेला.

तेवढ्यात रेजिनाने ताटली आपटली. "शी! काका, नुसता खारट गोळा झालाय!"

मी टेबलाखालून तिला अशी लाथ मारली म्हणून सांगू! मंगेशचा घास तोंडातच राहिला. सरांनी डोळे मिटून घेतले.

काकांनी बोट बुडवून पिठी चाखली.

"हो गो," म्हणाले. "उद्या मीठ कमी घालतो."